शाळेतल्या ४१ पोरांच्या दातांना तारा लागतात म्हणे! गरज ठरवायची तरी कशी?

पाटीवरचा (सोमवार, रात्री ९.४०)

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडगावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. वर्ग १ ते ७, पट ९३. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि आमच्याकडे दातांचं शिबिर झालं. शहरातला एक दवाखाना आला होता. पोरांना ब्रश वाटले, बॅनरपुढे फोटो काढले आणि दोन तासांत ८६ तोंडं तपासून झाली. संध्याकाळी चिठ्ठ्या वाटल्या. त्यातल्या ४१ चिठ्ठ्यांवर 'तारा आवश्यक' याच्यापुढे बरोबरची खूण.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी पालक उभे. चौथीतल्या एका मुलीची आई कापूस वेचायला जाते, त्या दिवसाची मजुरी सोडून आली होती. "गुरुजी, आता नाही लावली तं पुढं लग्नाले अडचण येईन का?" तिने चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन केला होता. ३५ हजार सांगितले, हप्त्यानं चालेल म्हणाले.

मुलीच्या वरच्या दोन दातांत फट आहे, बाजूचे दोन दात थोडे बाहेर फाकलेत. मला तर त्यात काही मोठं दिसत नाही, पण मी गणित शिकवतो, दात नाही. ही गरज कोण ठरवतं? त्याला काही माप असतं का, की डॉक्टरच्या नजरेवर? आणि अर्ध्या शाळेला तारा लागू शकतात का?

सावजी_रस्सा

८६ पैकी ४१? उरलेल्या ४५ जणांचे दात पडलेले असतील.

तुरीचं_वरण

आम्ही मूळचे पुसदचे, आता पुण्यात. माझ्या मुलीला बाराव्या वर्षी तारा लावल्या, दोन वर्षं चालल्या. आज तिचं हसू बघून वाटतं, बरं केलं. गुरुजी, गावातल्या मुलीला हे नको असं आपणच आधी ठरवू नये. शहरातली आई लेकीसाठी हे करते तेव्हा कोणी विचारत नाही की गरज होती का.

खर्रामुक्त

@तुरीचं_वरण, शहरातल्या आईला दर महिन्याला मजुरी पाडून लालपरीनं साठ किलोमीटर जावं लागत नाही बाप्पा.

दातकोरणी

मी तालुक्याच्या ठिकाणी दातांचा दवाखाना चालवते. बीडीएस आहे, तारांची तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगते.

गुरुजी, पहिला प्रश्न. चिठ्ठीवर किडीचा रकाना होता का? माझ्या खुर्चीत गावाकडून येणारं दर दुसरं पोर किडकी दाढ घेऊन येतं. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे सहाव्या वर्षी येणारी दाढ. ती दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते. तिच्यासाठी काही पडत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं ही पण दुधाचीच, पडणारच आहे. म्हणून किडली तरी लक्ष देत नाहीत. नवव्या-दहाव्या वर्षी ती काढायची पाळी येते आणि जन्माची दाढ जाते. मग मागचे दात पुढे कलतात, चावा बिघडतो, आणि पाच वर्षांनी तेच पोर वेड्यावाकड्या दातांसाठी माझ्याकडे येतं.

किडीनं भरलेल्या तोंडात तारा बसवायच्याच नसतात. तारेभोवती अन्न अडकतं, चांगले दातही जातात. आधी कीड, मग बाकीचं.

दुसरं, चौथीतल्या मुलीची फट. सातव्या ते अकराव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांत फट असणं आणि बाजूचे दात पंख्यासारखे फाकणं हे बहुतेक पोरांत नैसर्गिक असतं. वरचे सुळे हिरडीत उतरताना बाजूच्या दातांची मुळं दाबतात, म्हणून दात खालच्या टोकाला फाकतात. अकरा-बाराला सुळे खाली आले की फट बहुधा आपोआप मिटते. याला इंग्रजीत कुरूप पिल्लाच्या गोष्टीवरून नावच आहे. पिल्लाला आधीच तारा लावायची गरज नसते.

पाटीवरचा

@दातकोरणी, तुमचं वाचून चिठ्ठी पुन्हा बघितली. छापील चार चौकोन आहेत: तारा, क्लीनिंग, दात पांढरे करणे, सल्ला. कीड हा शब्द कुठेच नाही. मागच्या बाजूला दवाखान्याचा नकाशा आणि 'शाळेची चिठ्ठी आणल्यास २० टक्के सूट'.

सावजी_रस्सा

म्हणजे चिठ्ठी नाही, कूपन आहे ते.

जुना_खडू

३४ वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालो. आमच्या वेळी कोणाच्या दातांकडे कोण बघत होतं? माझे स्वतःचे वरचे दात पुढे आहेत, लग्न झालं, चार लेकरं झाली, हरभरे खाऊन राहिलो आजही. पोरगं 'दात्या' म्हणून चिडवतं तर चिडवणाऱ्या पोराचा कान धरायचा, चिडवलेल्या पोराच्या तोंडात लोखंड घालायचं नाही. ही सगळी मोबाईलमधल्या फोटोंची देणगी आहे.

उशिराची_तार

@जुना_खडू काका, मान ठेवून सांगते. माझे दोन्ही वरचे सुळे दुसऱ्या दातांवर चढलेले होते. आईला सगळे म्हणायचे, दातावर दात म्हणजे लक्ष्मी येते. लक्ष्मी काही आली नाही. मी मात्र पाचवीपासून हाताने तोंड झाकून हसायला शिकले. वर्गात उत्तर येत असून हात वर केला नाही, कारण उठून बोलावं लागलं असतं. कोणी चिडवत नव्हतं हो, कोणाचा कान धरणार होता तुम्ही? नोकरी लागल्यावर २६ व्या वर्षी स्वतःच्या पगारातून तारा लावल्या. दुखत काही नव्हतं म्हणून ती 'गरज' नव्हती का?

तारकर

धागा छान चाललाय, म्हणून लिहितो. मी तारांचा डॉक्टर आहे आणि दंत महाविद्यालयात शिकवतोही.

पाटीवरचा, माप असतं. तुम्ही विचारलेला प्रश्न जगभर विचारला गेलाय, कारण पैसा कमी आणि वाकडे दात जास्त ही अडचण सगळीकडे आहे. ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने कोणाला तारा द्यायच्या हे ठरवायला १९८९ मध्ये ब्रूक आणि शॉ यांनी एक पद्धत मांडली, आयओटीएन. तिचे दोन भाग आहेत. पहिला दातांच्या आरोग्याचा, त्यात ५ पायऱ्या. पहिली-दुसरी म्हणजे गरज नाही किंवा नावापुरती, तिसरी काठावर, चौथी-पाचवी म्हणजे गरज नक्की. दुसरा भाग दिसण्याचा, त्यात १० फोटोंची पट्टी असते, पहिला सर्वात छान आणि दहावा सर्वात वाईट. तिथे १८ वर्षांखालच्या मुलाला चौथी-पाचवी पायरी असेल तर सरकारी खर्चाने उपचार मिळतात. तिसरी असेल तर फोटोच्या पट्टीवर सहा किंवा वर असावं लागतं. म्हणजे @उशिराची_तार, काठावरच्या मुलांसाठी का होईना, दिसण्यालाही त्यात जागा ठेवली आहे.

या पद्धतीत दात बघायचे ते ठरलेल्या क्रमाने. आधी, कुठला दात आलाच नाही किंवा आत अडकलाय का. मग वरचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत. मग चावा उलटा आहे का, म्हणजे वरचे दात खालच्यांच्या आत बसतात का. मग दात एकमेकांपासून किती सरकलेत. शेवटी उभा चावा, खालचे दात वरच्या टाळूत रुततात का किंवा पुढचे दात मिटतच नाहीत का. सगळ्यांची बेरीज करायची नाही. जे सर्वात वाईट सापडेल तीच त्या मुलाची पायरी.

आकडे पाहिजेत म्हणून सांगतो. वरचे दात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे तर चौथी पायरी, ९ पेक्षा जास्त तर पाचवी. दात शेजाऱ्यापासून ४ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला तर चौथी. दुभंगलेला ओठ किंवा टाळू, आत अडकलेला सुळा, हे थेट पाचवीत. दोन-तीन मिलिमीटर पुढे असणं हे तर बरोबर.

आता दुसरी पद्धत बघा, अमेरिकेची डीएआय, म्हणजे दात किती चांगले दिसतात याचं माप, १९८६ ची. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ च्या आपल्या सर्वेक्षण पुस्तकात ती घेतली, म्हणून शाळांच्या पाहण्यांत ती फार वापरतात. यात दहा गोष्टी मोजून गुणाकार-बेरीज करतात आणि शेवटी १३ मिळवतात. २५ पर्यंत ठीक, २६ ते ३० उपचार ऐच्छिक, ३१ ते ३५ अत्यंत इष्ट, ३६ किंवा वर तर करायलाच हवा. यात पुढच्या दोन दातांतल्या फटीला दर मिलिमीटरला ३ गुण, दात पुढे असण्याला दर मिलिमीटरला २. गुरुजी, तुमच्या चौथीतल्या मुलीची दोन मापं द्याल का? गणित तुमचं आहे, तुम्हीच करा.

पाटीवरचा (बुधवार)

मोजायला गेलो आणि फजिती झाली.

शाळेतली लाकडी पट्टी घेतली. खालच्या दाताला टोक टेकवलं, वरच्या दातापाशी काय आकडा येतो ते बघितलं. सातवीच्या अख्ख्या वर्गात कोणाचा आकडा शून्याच्या वर जाईना. एक पोरगा फक्त ४ वर गेला. मी खूश, म्हटलं शाळा निरोगी आहे. मग तोच पोरगा म्हणतो, "सर, पट्टीचा शून्य आतमधी हाय." खरंच की! टोकाला अर्धा सेंटीमीटर कोरं लाकूड असतं. आयुष्यभर पोरांना शिकवलं की शून्यापासून मोजा, आणि स्वतः लाकडापासून मोजत होतो. म्हणजे त्या पोराचे दात ४ नाही, ९ मिलिमीटर पुढे. त्याचा वरचा एक दात हापशीवर पडून आधीच तुटलेला आहे.

मग कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी पायरीवर घासून शून्यापर्यंत आणली. चौथीतल्या मुलीची फट ३, पुढे असणं ४.

दातकोरणी

गुरुजी!! एकच पट्टी सगळ्यांच्या तोंडात?

पाटीवरचा

डेटॉलच्या पाण्यात बुडवून घेत होतो. तरी मान्य, चूक झाली. आता थांबलो.

तारकर

पट्टी घासण्याची युक्ती अस्सल आहे. आता हिशेब. फट ३ गुणिले ३ म्हणजे ९. पुढे असणं ४ गुणिले २ म्हणजे ८. मूळचे १३. बेरीज ३०. डीएआयच्या भाषेत ही मुलगी 'दात निश्चित वाकडे, पण उपचार ऐच्छिक' या रकान्याच्या वरच्या टोकाला गेली, ३१ व्हायला एक गुण कमी. आणि @दातकोरणी यांनी सांगितलं तसं, दोन वर्षांनी सुळे आले की फट बहुधा मिटेल आणि ९ गुणही जातील. दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असण्याच्या वयात हे माप असं फसवतं. उलट बाजूही आहे. डीएआय आत अडकलेला दात बघत नाही, मागच्या दाढांचा उलटा चावा बघत नाही, टाळूत रुतणारे दातही बघत नाही. म्हणजे जे पोर खरं अडचणीत आहे ते कधी कधी १३-२० मध्ये निवांत बसलेलं असतं.

शिवाय ती अमेरिकेतल्या लोकांच्या आवडीवर बांधलेली आहे. कोणते दात चांगले दिसतात, हे तिथल्या पोरांना आणि त्यांच्या पालकांना विचारून गुण ठरवले. आपल्याकडे फट असली की भाग्यवान म्हणणारे लोक आहेत, त्यांना कोणी विचारलं नाही.

तो तुटक्या दाताचा पोरगा मात्र डोक्यात राहिला. वरचे दात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असले की पडल्यावर ते तुटण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. असे दात लहानपणीच मागे घेतले तर तुटण्याचं प्रमाण कमी होतं, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलंय. त्याच चाचण्या हेही सांगतात की बाकी सगळा फायदा, दिसणं असो वा चावा, किशोरवयात एकदाच उपचार केले तरी तेवढाच मिळतो. म्हणून ओठ दातांवर मिटत नाहीत असं धडपडं पोर असेल तर लवकर पाठवा. बाकीच्यांना घाई नाही.

खर्रामुक्त

म्हणजे चिठ्ठीवर त्या पोराले बी एक खूण आणि पोरीले बी एक खूण. दोघं सारखेच आजारी. लय भारी डॉक्टर.

आयुषवाला

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात आहे. थोडी माहिती. ही योजना २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब अशा चार गटांत आम्ही बघतो. दातांची कीड यादीत आहे, दुभंगलेला ओठ-टाळू आहे. वेडेवाकडे दात नाहीत. त्यामुळे तारांसाठी माझ्याकडे रकाना नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेवढं कळतही नाही. पण दुभंगलेल्या टाळूचं मूल कुठे दिसलं तर मात्र लगेच सांगा. त्याची शस्त्रक्रिया फुकट होते, आणि तारांची गरजही त्याला पुढे खरोखरच लागते.

गुरुजी, शिबिराला परवानगी देताना फॉर्मवर 'जे आढळेल ते कुठे कळवणार' हा प्रश्न विचारा. कोणी फक्त स्वतःच्याच पत्त्यावर बोलावत असेल तर समजून जा.

गावची_आशा

मी आशा आहे, चंद्रपूर जिल्हा. आमच्याकडं वेगळंच. पोरायच्या दातावर पिवळे-तपकिरी पट्टे. पाण्यात फ्लोराईड हाय. एक माय म्हणे, तारा लावून पिवळेपणा जाते का? म्हटलं बाई, तारेनं दात सरकते, रंग नाही जात. हातपंपाच्या पाण्याचा नमुना पाठवला, दोन हापशांवर लाल रंग मारला. आता बायका म्हणतात लाल हापशीचं पाणी गोड लागते. काय करावं.

दातकोरणी

@गावची_आशा, अगदी खरं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड नको. आठ वर्षांच्या आत जे पाणी पोटात जातं तेच दातांवर उमटतं, नंतर पाणी बदललं तरी डाग जात नाहीत. आणि तारांशी त्याचा संबंध आहेच. अशा दातांवर तार धरणारी बटणं नीट चिकटत नाहीत, वारंवार सुटतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या पोरांना तारा लावताना हे आधी सांगायला पाहिजे, नाहीतर दर महिन्याच्या फेरीत आणखी दोन फेऱ्या वाढतात.

सावजी_रस्सा

बटणं सुटायला फ्लोराईड कशाला लागते? माझ्या भाच्यानं संक्रांतीला ऊस सोलला दातानं. एक बटण उसात, एक पोटात. डॉक्टर म्हणे, येईल उद्या-परवा. वहिनीनं तीन दिवस पाळत ठेवली, सापडलं नाही. तेव्हापासून आम्ही त्याले 'स्टेनलेस' म्हणतो.

तुरीचं_वरण

😄 पण खरंच, ऊस, फुटाणे, चिक्की, बोरं, सगळं बंद. दोन वर्षं गावातल्या पोराला बोरं खाऊ नको म्हणून कोण सांगणार? वर मी जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण हे सगळं मी मोजलं नव्हतं. आमचा दवाखाना सोसायटीच्या खालीच होता.

जुना_खडू

आमच्या आईनं दुधाचा दात कौलावर फेकायला लावला होता. आता सगळीकडे स्लॅब आहे, दात फेकला की परत अंगणात. म्हणून वाकडे येत असतील.

उशिराची_तार ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझ्या हाताखालून अशी हात वर न करणारी पोरं किती गेली असतील, आठवून बघतोय.

बुलडाणेकर

एक व्यावहारिक. सरकारी किंवा महाविद्यालयाच्या दवाखान्यात खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी पडतो. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, अमरावतीला, वर्ध्याजवळ सावंगीला पण महाविद्यालयं आहेत. पण रांग असते, विद्यार्थी करतात म्हणून वेळ लागतो, आणि विद्यार्थी पास होऊन गेला की तुमची केस दुसऱ्याकडे. आमच्या पुतण्याचे दीड वर्षाचे अडीच झाले. दात मात्र छान झाले. २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आईनेच नेलं तर बरं पडतं.

वेचणीवाली_लेक

ती अर्धी तिकीट ठीक आहे, पण मजुरी पूर्ण जाते ना भाऊ. आणि कापूस निघायच्या दिवसांत डॉक्टरची तारीख आली तर मुकादम काय म्हणेल? महिन्याला एक फेरी, दोन वर्षं, म्हणजे २४ दिवस. नंतर काढता-घालता येणारी प्लेट, ती हरवली की दात परत सरकतात. मी तारा मध्येच सोडून दिल्या, दहावीचं वर्ष होतं. तारा काढायलाही दहा महिन्यांनी गेले. खालच्या दोन दातांवर आजही पांढरे चट्टे आहेत. गरज मोजताना हे पण मोजा, की पोर शेवटपर्यंत जाऊ शकेल का.

तारकर

@वेचणीवाली_लेक, हे कुठल्याच पट्टीत नाही. अर्धवट सोडलेल्या तारा न लावलेल्यांपेक्षा वाईट, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. पुढच्या वेळी तुमचं उदाहरण देईन, नाव न घेता.

पाटीवरचा (१८ जानेवारी)

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं आहे.

@दातकोरणी ताई दोन शनिवार आमच्या शाळेत आल्या. स्वतःच्या खर्चाने, स्वतःची पट्टी घेऊन, दर पोराला वेगळा आरसा. सकाळची शाळा होती, दोन्ही दिवस बारा वाजून गेले. या वेळी पोरांना तोंड उघडायला सांगायच्या आधी मागच्या दाढा घट्ट मिटायला सांगितल्या. शिबिरात कोणीच मिटायला सांगितल्या नव्हत्या, नुसतं 'आ कर'.

त्या ४१ पोरांचा हिशेब असा. २२ जणांना काही करायचं नाही. १३ जणांना थांबायचं, वर्षाने पुन्हा बघायचं, चौथीतली मुलगी यांच्यातच आहे. ६ जणांना तज्ज्ञाकडे पाठवायचं. हापशीवाला पोरगा त्या सहांत पहिला. पाचवीत एकाचा वरचा एक दात खालच्यांच्या आत बसतो आणि त्यामुळे खालच्या दाताची हिरडी सरकून मूळ उघडं पडू लागलंय. त्यावर साधी प्लेट काही महिन्यांत काम करते म्हणे, तारा नकोच.

आणि ज्यांच्या चिठ्ठीवर काहीच नव्हतं अशांतून ३ निघाले. त्यातला एक सातवीतला. त्याचे दात बघितले तर जाहिरातीत घ्यावेत असे सरळ. ताई म्हणाल्या, याचा हा सुळा दुधाचा आहे. तेरा वर्षांचा पोरगा. हिरडीवरून बोट फिरवलं तर कायमच्या सुळ्याचा उंचवटाच नाही, दुसऱ्या बाजूला तर सुळा कधीच आलाय. यवतमाळला एक्स-रे काढला, सुळा टाळूत आडवा पडलेला, टोक शेजारच्या दाताच्या मुळाकडे. वेळेत कळलं नसतं तर ते मूळ झिजण्याची भीती होती. म्हणजे आयओटीएनची पाचवी पायरी, आणि हसला तर सगळ्यात सुंदर हसणारा पोरगा तोच.

कीड म्हणाल तर ९१ पैकी ३८ पोरांना. त्यात ११ जणांची सहाव्या वर्षाची दाढ, अजून भरता येण्यासारखी. ही ११ नावं मी फळ्याच्या बाजूला लिहून ठेवली आहेत, ८ जणांची भरून झाली.

तारकर

सुळ्याच्या पोराला थेट आणा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. दहाव्या वर्षी बोट फिरवलं असतं तर नुसता दुधाचा सुळा काढून पुष्कळदा काम होतं. आता ओढून आणावा लागेल. पण येईल. आणि चौथी-पाचवीतल्या सगळ्यांच्या हिरडीवरून पुढच्या वर्षी एकदा बोट फिरवून घ्या ताईंकडून.

उशिराची_तार

गुरुजी, चौथीतल्या मुलीच्या आईला काय सांगितलं?

पाटीवरचा

सांगितलं की सुळे येईपर्यंत थांबा, दोन वर्षं. ती थोडी नाराजच झाली. ३५ हजारांसाठी तिनं बचत गटाकडे कर्जाचा अर्ज करून ठेवला होता, तोही मंजूर झाला होता. म्हणाली, "मंग आता पैसे परत करू का?" मी म्हटलं करा. पोरीला विचारलं, तुला कोणी काही म्हणतं का गं? म्हणे नाही, मला फटीतून शिट्टी वाजवता येते. वाजवून दाखवली, वर्गाबाहेर.

जुना_खडू

वर्गात वाजवली असती तर मी असतो तर...

खर्रामुक्त

कान धरला असता. माहीत हाय काका.

गावची_आशा

ताई आमच्या तालुक्यात येतील का? दोन शाळा, १४० पोरं. जेवण माह्याकडं, झुणका-भाकर. लाल हापशीचं पाणी नाही देत.

दातकोरणी

फेब्रुवारीत दुसरा शनिवार सोडून कुठलाही. पोरांना दात घासून बसवा, आणि त्या दिवशी शाळेबाहेर बोरंवाली बसू देऊ नका. गेल्या वेळी निम्म्या तोंडांत बिया होत्या.